माझ्या पोटातले तांबडे मणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात तीन हजार मणी आहेत, काही पांढरे, काही तांबडे. त्यांतले तांबडे किती, हे मात्र मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, ज्याचं पोट त्यालाच ठाऊक नाही, असं कुठं असतं का? असतं. तुमच्या मनात काय काय आहे ते तरी तुम्हाला सगळं कुठं ठाऊक असतं? कोणी मायेनं विचारलं की थोडं वर येतं, तेवढंच.

माझा जन्म विद्यापीठाच्या सुतारखोलीत झाला. एका मोडक्या बाकाच्या फळ्या काढून सुतारकाकांनी मला घडवलं. माझ्या डाव्या अंगावर अजून शाईचा डाग आहे, आणि कोणीतरी कर्कटकानं कोरायला घेतलेलं अर्धं नाव आहे. त्याचा तास संपला असावा. मला घडवून घेणाऱ्या बाई समोरच उभ्या होत्या. त्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवायच्या.

"बाई, मण्यांच्या पेटीला दोन तळ कशाला?" सुतारकाकांनी विचारलं.

"खालच्या तळात एक चिठ्ठी ठेवायची आहे. ती मला बघायची नाही."

काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. "बघायची नाही तर ठेवता कशाला?"

बाई नुसत्या हसल्या. काकांनी मान हलवत चार स्क्रू काढून ठेवले. जाताना त्यांनी मला एक सोबतीण दिली. ती म्हणजे दांडा असलेली छोटी फळी, तिच्यावर पन्नास खळगे. मण्यांत खुपसून वर उचलली की बरोबर पन्नास मणी बसतात. सगळे तिला पळी म्हणू लागले.

पळीचं काम सोपं होतं, पण त्यामागचा विचार खोल होता. बाई मुलांना सांगत, "तीन हजार मणी मोजत बसायला आयुष्यात वेळ मिळत नाही. पन्नास मिळतात. त्या पन्नासांवरून तीन हजारांबद्दल काय म्हणता येईल, आणि किती खात्रीनं म्हणता येईल, एवढंच आपल्याला शिकायचं आहे." पन्नासांत तेरा तांबडे आले म्हणून कोणी "शेकडा सव्वीस" असं ठोकून दिलं की त्या तास थांबवत. "नुसता आकडा सांगू नका. कुठपासून कुठपर्यंत ते सांगा." त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव पासून-पर्यंत बाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं.

मणी भरायचं काम बाईंनी त्यांच्या आईला सांगितलं. घरात दोघीच होत्या. दुकानातून शंभर-शंभरच्या तीस पुड्या आल्या, सगळे पांढरे. बाई म्हणाल्या, "आई, यातले तुला वाटतील तेवढे तांबडे रंगव. किती ते नीट मोज, चिठ्ठीवर लिही, खालच्या तळात ठेव आणि स्क्रू लाव. मला सांगायचं नाही."

"म्हणजे मी मोजायचे, मी रंगवायचे, आणि तुला सांगायचंही नाही?"

"मला कळलं तर मी मुलांना नकळत तिकडेच नेईन."

"तुझ्या शाळेतलं सगळंच उफराटं," आई म्हणाली. विद्यापीठाला ती शेवटपर्यंत शाळाच म्हणाली.

तिनं जुन्या पातेल्यात रंग कालवला. रंगवलेले मणी खिडकीत कापडावर वाळत घातले. आठवडाभर तिची बोटं तांबडी होती. एके सकाळी तिनं चिठ्ठी लिहिली, घडी केली, माझ्या खालच्या तळात ठेवली आणि सुरीच्या टोकानं चारही स्क्रू पिळले. मग पांढरे-तांबडे सगळे मणी माझ्यात ओतले आणि कणीक मळावी तसे दोन्ही हातांनी कालवले. माझ्या पोटातला तो पहिला स्पर्श. त्या हातांना साबणाचा वास होता.

बाईंनी एक नेम धरला. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी एक पळी. मणी कालवायचे, डोळे मिटून पळी घालायची, तांबडे मोजायचे, वहीत लिहायचं, मणी परत टाकायचे. सत्र चालू असलं की विभागात, सुट्टी लागली की घरी. मग त्या मला कापडात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन जात. रविवारी तेवढी मला विश्रांती असे. कोणी विचारलं तर सांगत, "खरा आकडा देवाला ठाऊक. आपल्या वाट्याला रोजची पळी."

सुट्टीतल्या सकाळी मला फार आवडत. बाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून मणी मोजत आणि आई आतून विचारी, "आज किती?"

"अकरा."

"सांगू का?"

"नको, आई."

"बघ हं, विचार बदलला तर. मी काय, सांगून मोकळी होईन."

रोज हाच संवाद. कधी आई वैतागून शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणे, "हिला विचारलं, घरी कधी येशील, तर म्हणते, साडेपाचपासून सव्वासहापर्यंत. अगं, भात कधी लावू मी?" बाई हसून वहीत मान घालत. आणि मी वाट बघत असे, बाई एकदा तरी 'सांग' म्हणतील याची. कारण मलाही जाणून घ्यायचं होतं. मित्रांनो, आपल्याबद्दलचं खरं कोणाला तरी ठाऊक आहे आणि ते आपल्याच अंगाखाली, एका फळीपलीकडे आहे, ही ओढ कशी असते ते शब्दांत सांगता येत नाही.

पहिल्या वर्षाअखेरीस बाईंनी हिशेब मांडला. त्यांचा अंदाज आणि खरा आकडा यांत फार तर एकवीस मण्यांचं अंतर असावं, असं निघालं. चार वर्षांनी ते दहावर आलं. बाई मुलांना म्हणाल्या, "चौपट पळ्या घातल्या की अंतर निम्मं होतं. पूर्ण कधीच मिटत नाही." मुलांनी ते सूत्र म्हणून उतरवून घेतलं. मला मात्र ते नुसतं सूत्र वाटलं नाही.

नवव्या वर्षी बारा दिवस वही कोरी राहिली. तेराव्या दिवशी बाई विभागात आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. मग त्यांनी मणी कालवले, पण पळी घातली नाही, नुसते हात तसेच आत ठेवले. शेवटी पळी काढली. चौदा. त्यांनी 'चौदा' असं मोठ्यानं म्हटलं आणि थांबल्या, कोणीतरी काहीतरी विचारील म्हणून. कोणी विचारलं नाही. त्यांनी आकडा लिहिला आणि नेम पुढे चालू राहिला.

तुम्हाला वाटेल, आता बाई चिठ्ठी उघडतील. मलाही तसंच वाटलं होतं. त्यांनी स्क्रूवर बोट फिरवलं, इतकंच.

मुलं येत होती, जात होती. दरवर्षी साठेक हात माझ्या पोटात फिरत. थंडगार हात, शाईचे हात, घाबरून घामेजलेले हात. हातांवरून मला माणूस कळू लागला होता. सोळाव्या वर्षी अंतर पाच मण्यांवर आलं. त्याच्या दोनएक वर्षांनी एक मुलगी आली. वर्ग तिला शंकेखोर म्हणे. दाराची कडी लागली का ते ती तीनदा बघायची, आणि वजाबाकी केली की लगेच बेरीज करून पडताळायची.

त्या दिवशी प्रात्यक्षिकात एकेक जण येऊन पळी घालत होता. शंकेखोर आली. तिनं डोळे मिटून पळी काढली आणि मोजलं. वीस तांबडे. तिनं परत मोजलं. वीसच. आजूबाजूच्या वह्यांत बारा, अकरा, चौदा. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच मणी परत टाकले. दुसऱ्यांदा सतरा. तेही टाकले. मग आठ, मग सोळा. पाचव्यांदा तेरा आले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तेरा लिहून ती जागेवर गेली.

मला काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं. ती काही एकटी नव्हती. त्या दिवशी पुष्कळांनी तसंच केलं होतं.

बाईंनी सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले आणि खडू खाली ठेवला. "साठ जण, आणि सगळे दहा ते पंधराच्या आत? इतकं शहाण्यासारखं तर एका घरातली चार माणसंसुद्धा वागत नाहीत."

वर्ग हसला आणि मग कोणी हसेना.

"कोणी कोणी नमुना परत टाकला?"

पुष्कळांच्या नजरा वहीकडे वळल्या. मग शंकेखोर उभी राहिली. "मी, बाई."

"किती वेळा?"

"चार."

"पहिल्यांदा किती आले होते?"

"वीस. बाकीच्यांचे बारा-तेरा येत होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावत नसत, आवाज आणखी हळू करत. "नमुना चुकत नसतो गं. तो येतो. आलेला आवडला नाही म्हणून परत टाकला, की मग आपण पेटीला विचारत नाही. आपल्या मनातलं तिच्या तोंडून वदवून घेतो."

माझं काय दुखत होतं ते मला तेव्हा कळलं.

"पण वीस लिहिले असते तर माझं उत्तर चुकलं असतं," ती म्हणाली.

"चुकलं असतं कदाचित. आपली रीतच अशी आहे की वीस जणांत एकाचं चुकायचंच, आणि तो एक कोण ते आधी कळत नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं ते टाळलं तर रीत खोटी पडते. त्या एकाचं काम तू नाही करायचं तर कोणी करायचं?"

मागून कोणीतरी पुटपुटलं, "नशीबवान आहे." पुन्हा हसू फुटलं, या वेळी शंकेखोरसुद्धा हसली. सगळ्यांनी पळ्या नव्यानं घातल्या. या वेळी सहा आले, एकोणीस आले, दोघांचे सातही आले आणि जो तो आपापला आकडा लपवून न ठेवता सांगत होता. कितीतरी दिवसांनी माझं म्हणणं कोणीतरी जसंच्या तसं ऐकून घेतलं होतं.

वर्ग रिकामा झाल्यावर शंकेखोर मागे थांबली. "बाई, एक विचारू? चिठ्ठी खाली आहे ना? एकदाच बघू या. मला नेमकं कळलं नाही की चैनच पडत नाही."

बाईंनी माझं झाकण लावलं. "माझी आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिच्या कपाटातली सगळी पत्रं मी वाचून संपवली. सामानाच्या याद्याही वाचल्या. आता तिचं फक्त हे एकच बोलणं ऐकायचं राहिलं आहे. ते ऐकलं की ती माझ्याशी नवीन काही बोलणार नाही."

 जाताना तिनं कडी एकदाच बघितली.

सव्वीस वर्षं पूर्ण झाली आणि बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, सातशे बेचाळीसपासून सातशे पन्नासपर्यंत. दोन्ही बाजूंना अंतर चार-चार मण्यांचं. मला न्यायची त्यांची फार इच्छा होती. पण माझ्या अंगावर विभागाचा पांढरा क्रमांक रंगवलेला होता. विभागाची वस्तू घरी कशी न्यायची, असं म्हणून त्या वह्या तेवढ्या घेऊन गेल्या. चिठ्ठी माझ्या पोटाखालीच राहिली. दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या, माझं झाकण नीट बसलं आहे का ते बघितलं आणि गेल्या.

त्यानंतरचं काय सांगू? विभागात संगणक आले. कळ दाबली की दहा हजार पळ्या पडद्यावर क्षणात पडत. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांचं कामही खरंच असतं. पण त्यांना हात लागत नाही. मला कपाटावर चढवलं गेलं, माझ्यावर जुने नकाशे, त्यांच्यावर बंद पडलेला पंखा. पळी कुठंतरी कपाटामागे पडली. झाकणाच्या फटीतून धूळ यायची. कोणी कालवत नसल्यामुळे मणी जसे होते तसेच पडून राहिले, वरचे वर, खालचे खाली. दर सकाळी बाईंच्या वेळेला मला उगाच वाटे, आता झाकण उघडेल. अकरा वर्षं तसं वाटत राहिलं. नेम तुटला तरी नेमाची वेळ चुकत नाही.

मग खोलीला रंग द्यायचं ठरलं. शिपायानं मला खाली काढलं आणि दाराकडे ओढत विचारलं, "मॅडम, ही पेटी भंगारात ना?"

"थांबा," कोणीतरी म्हणालं. दोन हात माझ्याजवळ आले. आता ते मोठ्या बाईचे हात होते, खडूनं कोरडे पडलेले. त्यांनी झाकण उघडलं, बंद केलं, आणि परत एकदा उघडून बघितलं. मी तेवढ्यावरून ओळखलं. शंकेखोर आता त्याच विभागात शिकवायला आली होती.

तिनं कपाट सरकवून पळी शोधली. रीतसर अर्ज लिहून माझं नाव विभागाच्या नोंदीतून कमी करून घेतलं आणि मला मांडीवर घेऊन बाईंच्या घरी आली.

बाई खूप थकल्या होत्या. त्यांनी आधी मला बघितलं, मग तिला. "तू अजून तशीच का गं? शंकेखोर?"

"कडी एकदाच बघते आता, बाई."

बाईंनी माझ्या अंगावरून पदर फिरवला. धूळ निघाली, अर्धं कोरलेलं नाव दिसू लागलं. 

"हल्ली मला आईचा आवाज नीट आठवत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "शब्द आठवतात, आवाज नाही. आता उघडायला हरकत नाही. नाहीतर वाचणारंही कोणी उरणार नाही."

शंकेखोरनं मणी परातीत ओतले. स्क्रू गंजले होते. तिसरा निघता निघेना. शेवटी बाई म्हणाल्या, "सुरीचं टोक घे. तिनं त्यानंच लावले होते." चिठ्ठी पिवळी पडली होती, आणि घडीवर तांबड्या बोटाचा ठसा होता. बाईंनी चष्मा लावला आणि त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"मोजायला बसले होते. चारशेवर गेले आणि दूध उतू गेलं. गॅस बंद करून आले तर कुठवर आले होते ते आठवेना. पुन्हा मोजायचा कंटाळा केला. आठवी पुडी अर्धवट राहिली, म्हणजे सातशेच्या वर असतील, आठशेच्या आत असतील, एवढं मात्र नक्की. आता तूच काय ते शोध. रागावू नकोस. आई."

बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, त्या रडताहेत. त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बघितलंस? पासून-पर्यंत. आणि मी साऱ्या जगाला शिकवत बसले." त्यांनी डोळे पुसले. "रोज विचारायची, सांगू का, सांगू का. मी एकदा जरी 'सांग' म्हटलं असतं तर बिचारी तिथंच पकडली गेली असती."

"मग त्या विचारायच्या कशाला?"

बाई परातीकडे बघत राहिल्या. "बोलायला काहीतरी हवं असायचं गं तिला. मी आपली वहीत मान घालून बसायची."

मित्रांनो, इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली, ते माझ्याखाली नव्हतंच. माझ्या पोटातले तांबडे मणी किती, हे आईला ठाऊक नव्हतं, बाईंना नाही, मला तर नाहीच. तो आकडा कोणी माणसानं कधी पाहिलेलाच नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मग ध्यानात आलं की माझ्याबद्दल जे काही खरं कळलं, ते त्या चिठ्ठीनं नाही, रोजच्या पळीनं कळलं. सव्वीस वर्षं कोणीतरी रोज मला विचारत आलं होतं. याहून जास्त कोण कोणाला ओळखतं?

शंकेखोरनं मणी परत माझ्यात ओतले. ती म्हणाली, "परातीत होते तेव्हाच मोजून घेतले असते, बाई, तासाभराचं काम होतं." बाईंनी नको म्हणून मान हलवली. चिठ्ठी पुन्हा घडी करून तिच्या जागी गेली.

"पेटी तू ने," बाई म्हणाल्या. "पण आजची पळी मला घालू दे."

त्यांनी दोन्ही हातांनी मणी कालवले. त्या हातांना साबणाचा तोच वास होता. डोळे मिटून त्यांनी पळी काढली. शंकेखोरनं मोजलं. "आठ आहेत, बाई. कमी वाटतात."

"आठ आले ना? आठ लिही."

आता मी पुन्हा वर्गात असते. मुलं संगणकावर दहा हजार पळ्या घालतात, पण त्याआधी प्रत्येकाला एक पळी माझ्यात घालावी लागते. शंकेखोर बाईंचा तसा नियम आहे. माझा रंग उडत चालला आहे. काही तांबडे मणी गुलाबी झाले आहेत, आणि मोजताना मुलं उजेडात धरून बघतात. तुमच्याजवळ माझ्यासारखं कोणी जुनं असेल, तर त्याला कपाटावर चढवू नका. रोज थोडं विचारत जा. जे येईल ते नावडलं तरी परत टाकू नका, आहे तसं लिहून घ्या.

आणि घरात कोणी कामाच्या मधेच येऊन "सांगू का?" असं विचारलं, तर वहीतून मान वर करा. त्यांच्याजवळ सांगायला काही नसलं तरी चालेल. तुम्ही म्हणा, "सांग."